एका चावीचे शंभर जेसीबी

तुमच्या गावात कोणाचा तरी जेसीबी असेलच. नसला तर शेजारच्या गावात नक्की असेल. विहिरीतला गाळ, शेततळं, घराचा पाया, रस्त्याकडेची चारी, सगळीकडे तोच. माझ्या मामाचाही आहे, सातारा जिल्ह्यात, हप्त्यांवर घेतलेला. गेल्या दिवाळीत घरी गेले होते, तेव्हा रात्री जेवण झाल्यावर मामा टॉर्च घेऊन अंगणात गेला. पुढचं बकेट जमिनीला टेकलंय ना ते त्याने पाहिलं, मग पान्याने बॅटरीची वायर सोडवली आणि हात पुसत आत आला.

मी विचारलं, "मामा, चावी तर तुझ्या खिशात आहे. मग हे कशाला?"

मामा हसला. "अगं, ह्या चावीनं खालच्या आळीतला जेसीबीपण चालू होतो. आणि त्याच्या चावीनं आपला."

मला वाटलं, चेष्टा करतोय. पण ती चेष्टा नव्हती. मी इलिनॉयमधल्या एका विद्यापीठात तंत्रज्ञानाच्या इतिहासावर पोस्टडॉक करते. यंत्रं कोणी शोधली, कोणी विकली, त्यांनी काय बांधलं, हे आम्ही पुष्कळ वाचतो. ती कोणी पळवली आणि पळवू नयेत म्हणून लोकांनी काय काय केलं, याकडे फारसं कोणी बघत नाही. परत आल्यावर मी बघायला लागले. जे सापडलं ते तुम्हाला सांगावंसं वाटलं, कारण त्याच्या शेवटी एक प्रश्न उभा राहतो आणि तो मामाच्या अंगणातलाच आहे.

वजन हेच कुलूप

सुरुवातीला कुलपाची गरजच नव्हती. अमेरिकेत विल्यम ओटिसने वाफेवर चालणाऱ्या फावड्याचं पेटंट १८३९ साली घेतलं. पुढची कित्येक दशकं ही यंत्रं रुळांवरच चालत. पनामा कालवा खोदताना अमेरिकनांनी ९५ टनी स्टीम शॉव्हेल वापरली. असं यंत्र पुढे सरकवायचं तर आधी पुढे रूळ टाकावे लागत. बॉयलर तापवण्यात वेळ जाई, चालवायला एकाहून जास्त माणसं लागत. चोरून नेणार कोण आणि कुठे? यंत्राचं वजन हाच त्याचा पहारा होता.

मग यंत्रं रुळांवरून उतरली. १९०४च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियात स्टॉकटनजवळ बेंजामिन होल्टने चाकांऐवजी पट्ट्यांवर चालणारं वाफेचं इंजिन मऊ जमिनीत चालवून दाखवलं. आपल्याकडे ज्याला 'चेनवाला' म्हणतात, त्याचा हा पूर्वज. १९२५ साली होल्ट आणि बेस्ट या दोन कंपन्या एकत्र येऊन कॅटरपिलर झाली. वाफेची जागा पेट्रोल आणि डिझेलने घेतली, आणि यंत्र सुरू करायला एक माणूस पुरेसा झाला.

याच काळात अमेरिकेत मोटारचोरी इतकी वाढली, की १९१९ साली काँग्रेसने डायर कायदा केला. चोरीचं वाहन एका राज्यातून दुसऱ्यात नेणं हा केंद्रीय गुन्हा ठरला. कायद्यात मोटार, ट्रक, मोटारसायकल अशी यादी होती आणि शेवटी 'स्वतःच्या शक्तीवर चालणारं, रुळांसाठी न बनवलेलं इतर कोणतंही वाहन' अशा अर्थाची पुस्ती होती. या पुस्तीवरून पुढे मोठा वाद झाला. मॅकबॉयल नावाच्या माणसाने चोरीचं विमान इलिनॉयमधून ओक्लाहोमाला पोचवलं होतं. १९३१ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. आदल्याच दिवशी नव्वदी पूर्ण केलेल्या न्यायमूर्ती होम्स यांनी निकाल दिला: 'वाहन' म्हटलं की सामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर जमिनीवर चालणारी गोष्ट येते, विमान नाही. मॅकबॉयल सुटला. चोराला धरायचं तर चोरलेल्या वस्तूला कायद्यात आधी नाव असावं लागतं.

हायवे आणि ट्रेलर

खरी पंचाईत दुसऱ्या महायुद्धानंतर झाली. १९५६च्या कायद्याने अमेरिकेत ४१,००० मैलांच्या इंटरस्टेट महामार्गांचं जाळं विणायचं ठरलं. ते बांधायला हजारो यंत्रं लागली, आणि ते बांधून झाल्यावर त्याच रस्त्यांवरून कुठलंही यंत्र रातोरात तीन राज्यं ओलांडू शकत होतं. त्याच सुमारास यंत्रं लहान होऊ लागली. १९५७ साली मिनेसोटातल्या केलर बंधूंनी टर्कीच्या खुराड्यातली घाण उपसायला एक छोटा लोडर बनवला. त्यातूनच पुढे बॉबकॅट आला. पिकअपच्या मागे ट्रेलर जोडून हे यंत्र कोणीही नेऊ शकतं. बांधकामाच्या जागेवरून ट्रेलरवर यंत्र निघालं तर बघणाऱ्याला त्यात वावगं काय दिसणार? रोजच निघतं.

शिवाय सगळी यंत्रं दिसायला सारखी. कॅटरपिलरने १९३१च्या डिसेंबरात राखाडी रंग सोडून पिवळा घेतला, लांबून दिसावा म्हणून. पुढे तो जवळजवळ साऱ्या धंद्याचाच रंग झाला. दहा पिवळ्या यंत्रांतलं चोरीचं कुठलं, हे ओळखणार कसं? म्हणून काही कंत्राटदार आपली यंत्रं मुद्दाम वेगळ्याच रंगात रंगवून घेतात. शुक्रवारी काम संपताना मोठी यंत्रं बाहेर गोल लावायची आणि लहान यंत्रं आत कोंडायची, हाही जुना उपाय. सोमवार सकाळपर्यंत जागेवर कोणी नसतं, हे चोरालाही ठाऊक असतं.

चावी सगळ्यांची

आता मामाच्या चावीकडे येऊ. मोटारीची चावी त्या एका मोटारीची असते. बांधकामाच्या यंत्रांत मात्र कित्येक उत्पादकांनी वर्षानुवर्षं आपल्या सगळ्या यंत्रांना एकच चावी दिली. हा निष्काळजीपणा नव्हता. साइटवर एका यंत्रावर आज एक ड्रायव्हर, उद्या दुसरा. यंत्र भाड्याने जातं, परत येतं. चावी चिखलात पडली म्हणून वीस माणसांचं काम थांबवणं कोणालाच परवडत नाही. तेव्हा चावीचा अर्थ 'हे माझं' असा नव्हताच, 'चला, कामाला लागा' एवढाच होता. ती पद्धत एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांसाठी होती, आणि अनोळखी माणसाच्या खिशातही तीच चावी बसत होती.

नंबर नाही, म्हणजे नाव नाही

मोटारींचं याच काळात वेगळं झालं. अमेरिकेत १९८१पासून प्रत्येक मोटारीला ठरावीक पद्धतीचा १७ अक्षरी क्रमांक सक्तीचा झाला. बांधकाम यंत्रांना मात्र प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने क्रमांक देत राहिली. बहुतेक राज्यांत या यंत्रांना मालकीपत्र नाही, नंबरप्लेट नाही. पोलिसाने रात्री ट्रेलर अडवला तरी तपासणार काय? १९८४ साली चोरीची वाहनं निर्यात करण्याविरुद्ध केंद्रीय कायदा झाला. त्यात बांधकामाची स्वयंचलित यंत्रं स्पष्ट शब्दांत आली. कायद्यात नाव मिळालं, पण यंत्रावर ते अजून लिहिलेलं नव्हतं. १७ अक्षरी क्रमांक या धंद्यात रुजला तो २०००च्या आसपास. मालकांच्या यंत्रांची खाजगी नोंदवही म्हणावी अशी राष्ट्रीय संस्थाही तेव्हाच उभी राहिली. तरी गेल्या दशकातल्या अहवालांत दर वर्षी अकरा हजारांच्या आसपास चोऱ्या दिसतात, आणि गेलेल्या यंत्रांतली चौथाईदेखील परत मिळत नाहीत.

इथे आपल्या आरटीओला थोडं श्रेय द्यायला हवं. मामाच्या जेसीबीला एमएच ११चा नंबर आहे. भारतातल्या मोटार वाहन नियमांत 'बांधकाम उपकरण वाहन' असा स्वतंत्र प्रकारच आहे, आणि केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली एक्स्कॅव्हेटर आणि रोड रोलर ही मोटार वाहनंच आहेत असा निर्वाळा दिला. तो वाद चोरीचा नव्हता, कराचा होता. पण सरकारला कर हवा होता म्हणून यंत्राला नाव मिळालं, आणि ते नाव चोरी झाल्यावर पोलिसांत सांगायला उपयोगी पडतं. आरटीओला शिव्या देणाऱ्या आपल्या सगळ्यांना हे ऐकून गंमत वाटेल.

आकाशातून पहारा

कुलूप, रंग, नंबर यांच्या पुढचं पाऊल जपानमध्ये पडलं. १९९०च्या दशकाच्या शेवटी तिथले चोर एक्स्कॅव्हेटर पळवत, आणि त्याच्याच बकेटने भिंत फोडून एटीएम उचलून नेत. यंत्र विकायचं नव्हतंच, ते हत्यार म्हणून हवं होतं. कोमात्सु कंपनीने यंत्रांत जीपीएस बसवलं. यंत्र कुठे आहे ते दिसू लागलं आणि ठरवलं तर दुरून इंजिन बंद ठेवता येऊ लागलं. कॉमट्रॅक्स नावाची ही सोय २००१पासून जपानमध्ये यंत्राबरोबरच येऊ लागली. चोरांनी त्या यंत्रांचा नाद सोडला.

पण तेच बटण पुढे दुसऱ्या कामी आलं. चीनमध्ये यंत्रं हप्त्यांवर विकली जात होती. ज्याचा हप्ता थकला, त्याला आधी सूचना जाई आणि तरी पैसे आले नाहीत तर इंजिन सुरू होत नसे. धंद्याच्या हिशेबात हे चोख होतं, कर्जं बुडेनाशी झाली. मात्र चोरासाठी घडवलेलं कुलूप आता मालकाच्या दारावर लागलं होतं. की तो अजून मालक नव्हताच?

त्याची दुसरी बाजूही बघा. २०२२ साली युक्रेनमधल्या मेलितोपोल शहरातून रशियन सैनिकांनी एका विक्रेत्याच्या आवारातली २७ शेतीयंत्रं उचलून नेली. किंमत सुमारे ५० लाख डॉलर. त्यातली काही ७००हून जास्त मैल दूर चेचन्यात पोचली, पण तिथे ती सुरूच होईनात, कारण ती दुरून बंद केली होती. बातमी वाचून माझ्यासकट पुष्कळांना आनंद झाला. नंतर मात्र मी इथल्या शेतकऱ्यांचं बोलणं ऐकलं. त्यांचा प्रश्न साधा होता: चेचन्यातलं यंत्र बंद करता येतं, तर माझ्या शेतातलंही येतं. ते कधी करायचं, हे कोण ठरवणार?

या सगळ्या इतिहासात मला एकच गोष्ट दिसते. वजनाचा पहारा यंत्रातच होता. चावी ड्रायव्हरच्या खिशात होती. नंबर सरकारी किंवा खाजगी वहीत गेला. आणि आता चावी कुठल्यातरी दूरच्या कचेरीत आहे. चोर दर पायरीला मागे हटला हे खरं, पण दर पायरीला यंत्र ते चालवणाऱ्याच्या हातापासूनही थोडं लांब गेलं. उपाय वाईट आहेत असं मी म्हणत नाही. ज्याचं यंत्र गेलंय, हप्ते मात्र चालू आहेत, त्याला विचारा. पण ते बटण कोणी, कधी, कोणाला विचारून दाबायचं, याचा नियम बटणाबरोबरच यायला हवा. बहुतेक वेळा तो मागून येतो, नाहीतर येतच नाही.

गेल्या रविवारी मामाचा फोन होता. जुना जेसीबी काढून नवीन घ्यायचा विचार चाललाय. विक्रेत्याने सांगितलं, की नवीन मशीन कुठे आहे, किती तास चाललं, डिझेल किती उरलं, सगळं मोबाइलवर दिसेल. रात्री जागेवरून हललं तर लगेच मेसेज येईल.

"मग बरंच की," मी म्हटलं. "आता बॅटरीची वायर काढायला नको."

मामा जरा थांबला. "ते बरंय गं. पण मी त्याला विचारलं, मला दिसेल ते आणखी कोणाकोणाला दिसेल? आणि बंद कोण कोण करू शकतं?"

"काय म्हणाला?"

"म्हणाला, विचारून सांगतो."

तुमच्यापैकी कोणाचा भाऊ, काका, मेव्हणा असं यंत्र घेत असेल तर सही करण्याआधी त्याला हा प्रश्न जरूर विचारायला सांगा. मामा अजून उत्तराची वाट बघतोय. तोवर पान्याने रोज रात्री वायर सोडवणं चालू आहे.