कोलामीची कुळकथा

कोलामी ही द्राविडी भाषाकुळाच्या मध्य शाखेतील भाषा. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा, कोरपना व जिवती तालुक्यांतले गुडे, यवतमाळकडचे पोड (दोन्ही कोलामांच्या वस्त्या) आणि तेलंगणातील जुना आदिलाबाद जिल्हा हा तिचा मुलूख. तिचे भाषक, म्हणजे कोलाम, स्वतःला ‘कोलावर’ म्हणतात. २०११ च्या जनगणनेत त्यांची संख्या १,२८,४५१ भरली.

कोलामीला गोंडीची बोली समजणे हा तिच्यावर अन्याय आहे. गोंडी तेलुगूबरोबर दक्षिण-मध्य शाखेत मोडते. कोलामीच्या शाखेतली काही भावंडे मात्र पूर्वेला, बस्तरची परजी आणि ओडिशातील गदबा. चंद्रपूर जिल्ह्यातील मूल गावावरून गडचिरोलीकडे जाताना वाटेत गोंडीचा आणि पुढे माडिया गोंडांचा प्रदेश लागतो, तो ओलांडल्यावर हे नातलग भेटतात. त्यांची मूळ भाषा एकच होती, एवढे व्याकरणावरून दिसते. त्यांची ताटातूट कधी झाली, याचा लेखी पुरावा नाही.

कोलामीचे जुनेपण तिच्या मोजणीत उतरले आहे. दोन पुरुष असतील तर ‘इद्दर’, दोन स्त्रिया असतील तर ‘ईराल’, दोन वस्तू किंवा जनावरे असतील तर ‘इंदिंग’. अशी तिहेरी रचना पहिल्या काही आकड्यांपुरतीच टिकली. पाचापासून पुढचे आकडे शेजारच्या भाषांतून आले.

नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी या भागातील आदिवासी भाषांचे शब्द टिपले होते. १८६३ मध्ये त्यांचा मृत्यू झाला आणि ते कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापले. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या १९०६ मधील चौथ्या खंडात कोलामी आली. भाषाशास्त्रज्ञ एम. बी. एमेनो यांनी वर्धा जिल्ह्यातील कोलामांकडून ऐकून लिहिलेले व्याकरण १९५५ मध्ये निघाले. कोलामीची बहीण, चांद्याची (म्हणजे चंद्रपूरची) नायकी, सुधिभूषण भट्टाचार्य यांनी १९६१ मध्ये नोंदवली. आज ही नायकी संकटात आहे. तिच्या भाषकांच्या घरांत मराठी कधीच शिरली आहे.

कोलामांना या मुलखात मोठा मान होता. गोंडांच्या गावातही ग्रामदेवतेची पूजा कोलाम पुजाऱ्याने करावी, अशी रीत आदिलाबादकडे होती. आता त्यांची मुले महाराष्ट्रात मराठी, तेलंगणात तेलुगू माध्यमात शिकतात आणि एकाच भाषेचे दोन भाग दोन निरनिराळ्या भाषांकडे सरकत आहेत. कोलामीला स्वतःची लिपी नाही. ती लिहायची झाल्यास इकडे देवनागरी, तिकडे तेलुगू लिपी वापरावी लागते.