हाडांचे खत आणि पाचशे रुपये

'कचऱ्यातून सोने' हे आज सगळेच सांगतात. आमचा प्रश्न साधा आहे, आजवर तो कचरा उचलला कुणी?

हाडांत फॉस्फरस असतो. इंग्लंडच्या जॉन लॉज यांनी हाडांवर गंधकाम्लाची प्रक्रिया करून 'सुपरफॉस्फेट' बनवण्याचे पेटंट १८४२ मध्ये घेतले. त्यावर कारखाना उभा राहिला, पुढे १८८२ मध्ये त्यांना बॅरोनेट हा किताबही मिळाला. आमच्या गावगाड्यात तीच हाडे मेलेल्या ढोरासोबत महाराच्या माथी आली आणि वर विटाळ मिळाला.

१९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी मेल्या ढोराचे मांस सोडायला सांगितले. ढोर ओढणेही बंद करण्याची चळवळ झाली. तेव्हा 'केसरी'त एकाने हिशेब मांडला: कातडे, शिंगे, खूर, हाडे यांचे वर्षाला पाचशे रुपये होतात, ते का बुडवता? (काळजी केवढी!) १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी हा किस्सा सांगितला. त्यांचे उत्तर असे, की हा फायदा तुम्हीच घ्या, वर माझ्याकडचे पाचशे रुपये देतो.

हिशेब खोटा होता असे आम्ही म्हणत नाही. हाडाला बाजारात भाव होताच. पण फायद्याचा धंदा असूनही एकही सवर्ण त्यासाठी पुढे आला नाही. म्हणून आमचा विरोध खताला नाही, जातीने वाटून दिलेल्या कामाला आहे. जुलै २०१६ मध्ये उन्यात मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या तरुणांना मारहाण झाली, तेव्हा सुरेंद्रनगरच्या दलितांनी मेलेली जनावरे थेट जिल्हाधिकारी कचेरीसमोर नेऊन टाकली.