नशेचें माप

मद्याच्या धुंदींत गाडी हाकणें हा गुन्हा मोटारीहून जुना आहे. इंग्लंडांत १८७२ च्या कायद्यानें रस्त्यावर घोडा, गुरें, गाडी किंवा वाफेचें यंत्र ताब्यांत असतां झिंगलेल्या माणसास दंड अगर कैद सांगितली होती. पंचवीस वर्षांनीं, १८९७ मध्यें, लंडनच्या एका टॅक्सीवाल्यानें आपली विजेची गाडी न्यू बॉन्ड रस्त्यावरील इमारतीवर घातली, आणि अशा अपराधाबद्दल शिक्षा झालेला तो तेथील पहिला मोटारचालक ठरला.

अडचण शिक्षेची नव्हती, पुराव्याची होती. मनुष्य झिंगला आहे हें ठरवावयाचें कसें? पोलिसांचा डॉक्टर त्याला खडूच्या रेघेवरून चालावयास लावी, जीभ अडखळेल असे शब्द म्हणावयास सांगी. खटला ज्यूरीपुढें गेला कीं आरोपी पुष्कळदां सुटे. ज्यूरींत मोटारवालेही बसत. आज हा, उद्यां आपण, असें त्यांच्या मनांत येत असल्यास नवल नव्हे! गाडीखालीं सांपडलेल्याच्या वतीनें असा विचार करणारें त्या बाकावर बहुधा कोणी नसे.

स्वीडनच्या विडमार्क यांनीं १९२२ मध्यें रक्ताच्या थेंबांवरून मद्यार्क मोजण्याची रीत दिली. नॉर्वेनें १९३६ मध्येंच कायद्यांत आकडा घातला. ब्रिटनला मात्र आणखी ३१ वर्षें लागलीं.

१९६६ सालीं तेथें रस्त्यांवर ७,९८५ माणसें मृत्युमुखीं पडलीं. अर्थात् सर्वच मद्यामुळें नव्हेत. पांगळे झालेले, त्यांच्या शुश्रूषेंत ज्यांचें आयुष्य गेलें ते, मिळविता पुरुष गेल्यानें उघडीं पडलेलीं घरें, यांपैकीं कांहींच या संख्येंत येत नाहीं. पुढील वर्षीं वाहतूकमंत्री बार्बरा कासल यांनीं १०० मिलिलिटर रक्तांत ८० मिलिग्रॅम ही मर्यादा अमलांत आणली व पोलिसांच्या हातीं फुंकण्याची नळी दिली. आंतील पिवळे स्फटिक हिरवे झाले कीं चालकास चौकीवर न्यावयाचें. बाईंना स्वतःला मोटार चालवितां येत नसे, यावरून त्यांची पुष्कळ हेटाळणी झाली. धमकीचीं पत्रेंही आलीं. १९६८ सालचा मृतांचा आकडा ६,८१० होता.

पण ही नळी आपल्या वाट्यास क्वचितच येते हें लोकांना उमगलें, आणि कांहीं वर्षांत भीति ओसरली.

आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यास प्रथम चालकाच्या रक्तांत मद्यार्काचा अल्प अंशही चालत नसे. १९९४ च्या दुरुस्तीनें ३० मिलिग्रॅमची मर्यादा आली आणि २०१९ च्या दुरुस्तीपर्यंत श्वासाच्या यंत्राचें मापच पुराव्यास आवश्यक होतें.