कॉइलची कुळकथा

वसई, नालासोपारा किंवा विरार स्थानकाबाहेरील विजेच्या सामानाच्या दुकानात जाऊन ‘हजारची कॉइल द्या’ म्हटले, की दुकानदार अधिक काही न विचारता वीतभर लांबीचे चकचकीत वेटोळे पुढे करतो. ते घरी आणायचे, हाताने ताणायचे, शेगडीच्या चिनीमातीच्या थाळीतील नागमोडी खाचेत बसवायचे आणि दोन्ही टोके स्क्रूखाली आवळायची. हा उद्योग आपल्याकडे घरोघरी चालत आला आहे. तुटलेल्या कॉइलची टोके एकमेकांत पिळून ती पुन्हा चालती करणारेही पुष्कळ.

अशीच, पण नखाएवढी कॉइल घरी गुंडाळण्याचा एक वेगळा छंद २०१० नंतरच्या दशकात परदेशांत फोफावला. ती कॉइल असते ई-सिगारेटची, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘व्हेप’ची. हे शब्द आता शाळकरी मुलांच्याही कानांवर पडतात आणि एखादा चौकस विद्यार्थी विज्ञानाच्या तासाला त्याविषयी विचारतो. अशा वेळी त्याला नुसते गप्प बसवणे आम्हांला योग्य वाटत नाही. दोन्ही कॉइलींचे कूळ एकच आहे. ते कूळ नीट समजले, तर कोणत्या दुरुस्तीत शहाणपण आहे आणि कोणत्या छंदात धोका, हे विद्यार्थ्याला स्वतःच ताडता येते.

एका शिक्षकाची तार

या कुळाचा मूळ पुरुष एक शाळामास्तर होता. गेओर्ग ओम (१७८९–१८५४) हा जर्मनीतील एर्लांगेन गावच्या कुलुपे बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा. तो १८१७ पासून कोलोन येथील शाळेत गणित आणि भौतिकी शिकवीत असे. हस्तकौशल्य घरातूनच आलेले, त्यामुळे प्रयोगाची उपकरणे तो स्वतः घडवी. वेगवेगळ्या लांबीच्या तारांतून किती विद्युतधारा वाहते, हे त्याला मोजायचे होते. व्होल्टाच्या घटमालेचा जोर सारखा बदलत असल्याने मोजमापे जुळेनात. तेव्हा पोगेनडॉर्फच्या सूचनेवरून त्याने तांबे आणि बिस्मथ यांचे तापयुग्म वापरले. त्याचा एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला, की स्थिर विभवांतर मिळे. १८२६ मध्ये हे प्रयोग झाले आणि १८२७ मध्ये त्याचे पुस्तक निघाले. मायदेशी त्याची उपेक्षाच झाली. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कॉप्ली पदक दिले, ते १८४१ मध्ये.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये सॅल्फर्डच्या एका मद्यभट्टीवाल्याचा मुलगा, जेम्स जूल, घरच्या प्रयोगशाळेत काम करीत होता. वय अवघे बावीस. काचेच्या नळीवर तार गुंडाळून त्याने ती पाण्यात बुडवली, तीतून धारा सोडली आणि पाण्याचे तापमान किती वाढते ते टिपले. धारा दुप्पट केली तर उष्णता चौपट मिळते, असे त्याला आढळले. १८४१ मध्ये प्रसिद्ध झालेला हा जूलचा नियम आपण दहावीला शिकवतो. त्याच्या प्रयोगातील ते वेटोळे म्हणजे आपल्या कॉइलची पणजी होय.

तापावी, पण जळू नये

नियम कळला तरी शेगडी काही लगेच झाली नाही. अडचण होती तारेची. तांब्याचा रोध इतका कमी, की शेगडीसाठी कित्येक पट लांब तार लागेल. लोखंडाचा रोध बरा, पण ते लालबुंद झाले की हवेतील ऑक्सिजनशी त्याचा संयोग होतो, वर खवले धरतात आणि गळून पडतात. खाली नवे लोखंड उघडे पडते, तेही जळते आणि काही काळाने तार तुटते. वसईच्या खाऱ्या हवेत खिडकीचे गज कसे पापुद्रे टाकतात ते तेथील रहिवाशांना सांगायला नको. तापलेल्या तारेत हाच प्रकार पाण्यावाचून आणि फार वेगाने घडतो. प्लॅटिनम जळत नाही, पण ते परवडणार कोणाला?

हे कोडे सोडवले अमेरिकेतील धातुशास्त्रज्ञ अल्बर्ट मार्श याने. सुमारे ८० टक्के निकेल आणि २० टक्के क्रोमियम यांच्या संमिश्राचे पेटंट त्याला फेब्रुवारी १९०६ मध्ये मिळाले. हेच निक्रोम. त्याचा रोध तांब्याच्या सुमारे ६५ पट. परंतु खरी खुबी निराळीच आहे. निक्रोम तापले की त्यावर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि तो गळून न पडता घट्ट चिकटून राहतो. म्हणजे तार थोडीशी जळते आणि त्या जळण्यानेच पुढच्या जळण्यापासून वाचते. ॲल्युमिनियमच्या भांड्याला गंज का चढत नाही, याचे उत्तरही असेच आहे.

पुढे स्वीडनमध्ये हान्स फॉन कांट्सो याने लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम यांचे संमिश्र तयार केले. त्याचे आडनाव आणि हालस्टाहामार हे गाव यांवरून १९३१ च्या सुमारास त्याला ‘कांथल’ हे नाव मिळाले. यावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर येतो, म्हणून ते निक्रोमपेक्षाही अधिक तापमान सोसते. मात्र एकदा खूप तापून थंड झाले की ते ठिसूळ होते. आम्ही प्रयोगशाळेत ज्या विद्युतभट्ट्या वापरतो त्यांच्या कॉइली या दोन कुळांतल्याच असतात. वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे भागांतील औद्योगिक गाळ्यांत प्लॅस्टिकच्या वस्तू ओतणारी यंत्रे चालतात. त्यांच्या नळकांड्यांभोवतीही अभ्रकावर गुंडाळलेली अशीच रोधपट्टी बसवलेली असते.

सांधलेल्या कॉइलचे गणित

आता घरच्या शेगडीकडे वळू. २३० व्होल्टवर १००० वॉट मिळायचे, तर रोध सुमारे ५३ ओम हवा आणि धारा सुमारे ४.३ अँपिअर. तार ०.४ मिलिमीटर व्यासाची असेल तर ती जवळपास ६ मीटर लांब लागते. एवढी तार थाळीत मावावी म्हणून तिचे वेटोळे करायचे.

समजा, कॉइल तुटली आणि सांधताना तिचा दहावा हिस्सा वाया गेला. शेगडी पुन्हा पेटते, किंबहुना पूर्वीपेक्षा जोरात पेटते आणि घरातले खूश होतात. पण हिशेब पाहा. रोध ५३ वरून ४८ ओमच्या आत आला आणि शक्ती १००० वरून सुमारे ११११ वॉट झाली. ही वाढीव उष्णता पूर्वीपेक्षा आखूड तारेतून बाहेर पडते. म्हणून तारेच्या प्रत्येक सेंटिमीटरला पूर्वीपेक्षा सुमारे २३ टक्के अधिक उष्णता सोसावी लागते. तार अधिक तापते, लवकर तुटते, आपण पुन्हा सांधतो, ती आणखी आखूड होते. दर खेपेला आयुष्य घटत जाते ते यामुळे.

त्यात भर सांध्याची. जुन्या तारेवर ऑक्साइडचा थर असतो आणि तो विजेचा वाईट वाहक. टोके न घासता नुसती पिळली तर त्या जागी जास्त रोध येतो, ठिणग्या उडतात आणि पुढची तूट तेथेच होते. नवी कॉइल ताणतानाही काळजी हवी. जेथे वेढे दाट राहतात तेथे उष्णता कोंडते आणि तो भाग आधी जळतो. सगळे वेढे सारख्या अंतरावर येतील अशी कॉइल ताणायची असते. उघड्या कॉइलला धातूचे भांडे टेकले तर भांड्यात वीज उतरते, म्हणून अशा शेगडीला हात लावण्यापूर्वी प्लग काढायचा, हे वेगळे सांगायला नको.

सर्दीत वाफारा घेण्याचे प्लॅस्टिकचे भांडे, ज्याला आपण व्हेपोरायझर म्हणतो, त्यातील अनेक स्वस्त नमुन्यांत मुळी कॉइल नसतेच. त्यात दोन धातूच्या पट्ट्या असतात आणि त्यांच्यामधील पाणीच रोधाचे काम करते. पाणी लवकर तापत नसेल तर चिमूटभर मीठ टाका, असे सांगतात ते यासाठीच. भांडे चालू असताना त्या पाण्यात मात्र वीज असते.

तोंडाशी आलेली कॉइल

औषधी द्रव्याची वाफ विजेने तयार करण्याच्या उपकरणाचे पेटंट अमेरिकेत जोसेफ रॉबिन्सन याला १९३० मध्ये मिळाले होते. तंबाखूविना, धूरविना सिगारेटचे पेटंट हर्बर्ट गिल्बर्ट याने १९६५ मध्ये मिळवले. दोन्ही कल्पना बाजारात रुजल्या नाहीत. चीनमधील औषधशास्त्रज्ञ होन लिक याने २००३ मध्ये आजच्या ई-सिगारेटचा पाया घातला. गंमत अशी, की त्याच्या आरंभीच्या रचनेत द्रवाचे तुषार श्राव्यातीत कंपनांनी केले जात. कॉइल नंतर आली, कारण ती स्वस्त आणि सोपी.

मग छांदिष्टांनी ती घरी गुंडाळायला सुरुवात केली. कांथल किंवा निक्रोमची तार घ्यायची, स्क्रूड्रायव्हरच्या दांडीवर पाच-सात वेढे द्यायचे, मधून कापूस ओवायचा. अधिक वाफ हवी म्हणून रोध कमी कमी करत न्यायचा. ओमचा नियम येथेही सुटत नाही. पूर्ण भारलेल्या लिथियम घटाचे विभवांतर ४.२ व्होल्ट असते. कॉइल अर्ध्या ओमची असेल तर धारा ८.४ अँपिअर, म्हणजे शेगडीच्या जवळपास दुप्पट. रोध ०.२ ओमवर आणला तर २१ अँपिअर. एवढी धारा सगळेच घट सोसू शकत नाहीत. संरक्षक मंडल नसेल तर घट तापून पेट घेतो, फुटतो. शेगडीत चूक झाली तर फ्यूज उडतो. येथे फ्यूजच नसतो आणि उपकरण ओठांशी असते.

दुसरा धोका दिसत नाही. शेगडीवरच्या भांड्यातले अन्न आणि कॉइल यांच्यामध्ये भांड्याचा तळ असतो. येथे द्रव थेट तारेवर उकळतो आणि वाफ थेट फुप्फुसांत जाते. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ५६ वापरकर्त्यांची उपकरणे तपासली. बाटलीतील द्रवात धातू अत्यल्प होते. कॉइलच्या सान्निध्यात आलेल्या द्रवात आणि वाफेत मात्र शिसे, निकेल, क्रोमियम यांचे प्रमाण बरेच वाढलेले आढळले. शिवाय या द्रवांत बहुधा निकोटिन असते, आणि त्याची सवय लागते ती वेगळीच.

भारतात सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम आणि त्याच वर्षी कायदा करून ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी घालण्यात आली. उत्पादनाच्या कलमात ‘पूर्ण वस्तू किंवा तिचा कोणताही भाग’ असा उल्लेख आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तेव्हा हा निरुपद्रवी छंद आहे, अशी समजूत विद्यार्थ्याने करून घेऊ नये.

वर्गात काय करता येईल?

कॉइल गुंडाळण्यातले कुतूहल मात्र खरे आहे, आणि ते भागवण्याची जागा प्रयोगशाळा. जुन्या शेगडीच्या निक्रोम कॉइलचा ०.४ मिलिमीटर जाडीच्या तारेचा ४० सेंटिमीटर तुकडा घ्यावा. टोके घासून स्वच्छ करावीत, पेन्सिलीवर वेढे द्यावेत, पण वेढे एकमेकांना चिकटू देऊ नयेत. काचपात्रात १०० मिलिलिटर पाणी घेऊन कॉइल त्यात पूर्ण बुडवावी आणि ६ व्होल्टची बॅटरी पाच मिनिटे जोडावी. पाणी ढवळून तापमान पाहिले, तर ते साधारण ७ अंशांनी वाढलेले आढळेल. मग २० सेंटिमीटर तार घेऊन तेवढ्याच ताज्या पाण्यात तोच प्रयोग करावा. वाढ जवळपास दुप्पट दिसेल. घरच्या २३० व्होल्टच्या जोडणीवर हा प्रयोग कोणत्याही परिस्थितीत करू नये.

तार अर्धी केली तर उष्णताही अर्धी व्हायला हवी, असे बहुतेक विद्यार्थी आधी सांगतील. त्यांचे उत्तर फळ्यावर लिहून ठेवावे, आणि तापमापी काय सांगते ते त्यांनाच वाचू द्यावे.