पाणी न तोडता दुरुस्ती

विहिरीवर दोन मोटा चालत असत, तेव्हा एकीचा नाडा तुटला तरी दुसरी पाटाला पाणी देत राही. ही साधी गोष्ट अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहराला मात्र फार मोलाने साधावी लागली.

त्या शहराचे पाणी दूरच्या डोंगरांतून येते. ते शहरभर पोचवण्यासाठी खोल खडकातून बोगदा खणला, तो १९१७ साली सुरू झाला. दुसरा १९३६ साली. रोजचे सुमारे १०० कोटी गॅलन पाणी प्रामुख्याने या दोघांच्या जिवावर!

आता अडचण पाहा. बोगदा तपासायचा तर आधी तो रिकामा करायला हवा. पण एक बंद ठेवला तर दुसऱ्याला सगळा भार पेलवायचा नाही. शिवाय जुन्या झडपांची धास्ती. एकदा बंद केलेली झडप पुन्हा उघडलीच नाही तर? म्हणून वर्षांमागून वर्षे गेली, तरी आत उतरून पाहण्याचे धाडस कोणी केले नाही.

मग करायचं काय? जुन्याला हात लावण्याआधी नवा बोगदा खणायचा! तिसऱ्या बोगद्याचे काम १९७० साली सुरू झाले. पुढे शहराची तिजोरीच रिकामी झाली आणि काम रखडले. या कामात वीसहून अधिक जणांचे प्राण गेले. पहिला टप्पा १९९८ साली वाहू लागला. मॅनहॅटनच्या मोठ्या भागाला २०१३ साली त्याचे पाणी मिळाले. या वेळी झडपा जमिनीखालच्या प्रशस्त दालनांत बसवल्या. माणसाला तिथे उतरून त्यांची देखभाल करता येते. जुना बोगदा बंद ठेवून दुरुस्त करण्याची वाट अशी मोकळी झाली.

म्हणजे, दुरुस्तीच्या काळातही नळ वाहता ठेवायचा, तर त्याची तयारी कितीतरी वर्षे आधी व्हावी लागते. गल्लीतल्या नळालाही हाच न्याय. जलवाहिन्या जाळ्यासारख्या जोडून जागोजाग झडपा ठेवल्या, तर फुटलेला तुकडा तेवढा वेगळा करता येतो आणि बाकीच्या घरांना दुसऱ्या बाजूने पाणी मिळते.

आपल्या गावच्या टाकीपासून नळापर्यंत पाण्याला वाट एकच आहे की दोन, झडपा कुठे आहेत आणि त्या फिरतात का, हे गुरुजींनी मुलांना बरोबर घेऊन एकदा अवश्य पाहावे. त्याचा नकाशा काढून शाळेत लावावा. पाइप फुटेल त्या दिवशी तो साऱ्या गावाच्या उपयोगी पडेल.