दहाच्या आत घरात

शाळेत जाणाऱ्या मुलाच्या दप्तरात सिगारेटचे पाकीट सापडले, की घरात पहिला प्रश्न उमटतो तो ‘हे तुला कुणी दिले?’ असा. ‘शाळा सुटल्यापासून रात्रीपर्यंत तू कुठे असतोस, कुणाबरोबर असतोस?’ हा दुसरा प्रश्न मात्र बहुधा विचारलाच जात नाही. कारण त्याचे उत्तर मुलाइतकेच आईवडिलांनाही द्यावे लागते. उत्तर अटलांटिक महासागरातील आइसलंड या चिमुकल्या देशाने हा दुसरा प्रश्न स्वतःला विचारला. त्याची हकिकत प्रत्येक पालकाने मनन करावी अशी आहे.

मद्याला कायद्याने आवर घालण्याचा अनुभव या देशाला जुना होता. १९१५ साली तेथे दारूबंदी आली. पुढे १९२२ मध्ये वाइनला आणि १९३५ मध्ये कडक मद्याला मोकळीक मिळाली. बिअरवरील बंदी मात्र थेट १ मार्च १९८९ रोजी उठली. इतक्या दीर्घ निर्बंधांनंतरही १९९०च्या दशकात राजधानी रेक्याविकच्या रस्त्यांवर शुक्रवारी रात्री मद्यधुंद किशोरवयीन मुलामुलींचे थवे दिसत. नुसत्या मनाईने मुले सुरक्षित होत नाहीत, हा धडा त्या देशाने असा डोळ्यांदेखत घेतला.

१९९२ साली तेथील सर्व शाळांतील १४ ते १६ वर्षांच्या विद्यार्थ्यांकडून एक प्रश्नावली भरून घेण्यात आली. १९९५ व १९९७ मध्ये तिची पुनरावृत्ती झाली. त्यातून पुढे आलेले चित्र विदारक होते. १९९८ साली १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुले मागील महिनाभरात एकदा तरी मद्याच्या नशेत होती. २३ टक्के मुले दररोज सिगारेट ओढत होती आणि १७ टक्के मुलांनी गांजा-चरस चाखून पाहिले होते. येथे एक गोष्ट ध्यानी घ्यायला हवी. सिगारेट, मद्य आणि गांजा ही तीन स्वतंत्र दुखणी नव्हेत. पुष्कळदा एकच मूल एकीकडून दुसरीकडे वळते, किंवा दोन्ही एकाच वेळी हाताळते. म्हणून प्रत्येक पदार्थाविरुद्ध निराळे भाषण देऊन भागत नाही.

हार्वे मिल्कमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचे विचार याच सुमारास आइसलंडमध्ये पोहोचले होते. १९७०च्या दशकात त्यांनी हेरॉइन व ॲम्फेटामिन घेणाऱ्यांचा अभ्यास केला होता. ताणाचा विसर पडावा असे वाटणारा माणूस गुंगी आणणाऱ्या हेरॉइनकडे वळतो, तर ताणाला भिडू पाहणारा उत्तेजना देणाऱ्या ॲम्फेटामिनकडे, असे त्यांना आढळले. पदार्थ वेगळे असले तरी मागणी एकच होती : मनाची अवस्था बदलण्याची. मग तीच मागणी संगीत, नृत्य, चित्रकला, खेळ यांतून भागवता येणार नाही का, असा त्यांचा प्रश्न होता.

इंगा डोरा सिगफुसडोटिर आदी समाजशास्त्रज्ञांनी प्रश्नावलीची उत्तरे बारकाईने तपासली. व्यसनापासून दूर राहिलेल्या मुलांच्या आयुष्यात चार गोष्टी ठळकपणे दिसल्या : आठवड्यातून तीन-चार वेळा नियमित खेळ किंवा छंदवर्ग, आईवडिलांबरोबर घालवलेला एकूण वेळ, शाळेत आपली कुणीतरी काळजी करते ही जाणीव, आणि रात्री उशिरा घराबाहेर नसणे. या चारांत भीतीचे व्याख्यान कोठेच नव्हते.

या निष्कर्षांवर राष्ट्रीय योजना उभी राहिली. २० वर्षांखालील व्यक्तीला मद्य व १८ वर्षांखालील व्यक्तीला तंबाखू विकण्यास मनाई झाली. दोहोंच्या जाहिराती बंद झाल्या. १३ ते १६ वर्षांच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री दहाच्या आत आणि लांबलचक उजेडाच्या उन्हाळ्यात बाराच्या आत घरी परतावे, असा कायदा झाला. प्रत्येक शाळेत पालकांची संघटना आवश्यक ठरली. अल्पवयीन मुलांसाठी मद्य आणणार नाही, वडीलधाऱ्यांवाचून मुलांच्या मेजवान्या होऊ देणार नाही, अशा करारनाम्यांवर पालकांनी सह्या केल्या. आठवड्याच्या अखेरीस रात्री आईवडील स्वतः वस्तीतून फेरी मारू लागले. खेळ, संगीत, नृत्य यांसाठी सरकारी पैसा वाढला. रेक्याविकमध्ये तर छंदवर्गांच्या शुल्कासाठी प्रत्येक मुलामागे कुटुंबाला वर्षाला ३५,००० क्रोना मिळू लागले.

१९९७ ते २०१२ या काळात आईवडिलांसोबत वारंवार वेळ घालवणाऱ्या १५-१६ वर्षांच्या मुलांचे प्रमाण २३ टक्क्यांवरून ४६ टक्क्यांवर गेले. २०१६ पर्यंत महिनाभरात नशेत असलेल्यांचे प्रमाण ४२वरून ५ टक्क्यांवर, रोज सिगारेट ओढणाऱ्यांचे २३वरून ३वर आणि गांजा-चरस चाखलेल्यांचे १७वरून ७ टक्क्यांवर आले. या काळात युरोपातील इतर काही देशांतही किशोरवयीनांचे मद्यपान घटले होते, हे खरे. तरीही इतकी मोठी घट क्वचितच दिसली. पुढे ई-सिगारेट आली आणि नवी काळजी घेऊन आली. पालकांची ही राखण एकदाच करून संपणारी नसते.

आइसलंड लहान आणि सधन देश आहे. त्याची नक्कल आपल्याला जमणार नाही. परंतु २०१९ सालच्या जागतिक युवा तंबाखू पाहणीत भारतातील १३ ते १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के मुले तंबाखू वापरत असल्याचे आढळले, हेही विसरून चालणार नाही. लग्नकार्यात, सणासुदीला मुलांच्या देखत आपण पेला भरतो आणि दुसऱ्या दिवशी त्यांना व्यसनाचे दुष्परिणाम सांगतो. शिकवणीच्या शुल्काची आपण तजवीज करतो. पण मुलाने फुटबॉल किंवा गिटार मागितली, तर अभ्यासाचे कारण पुढे करतो. संध्याकाळचे जेवण घरातील सर्वांनी एकत्र घेण्याला मात्र सरकारी अनुदान लागत नाही. तेथून सुरुवात करता येईल. आज रात्री आपले मूल किती वाजता घरी येते, हे पाहण्यासाठी आपण स्वतः घरी असलो, तरी पहिले पाऊल पडले असे म्हणता येईल.