लंडनमधील आंतरराष्ट्रीय विद्यार्थी

लंडनमधील आंतरराष्ट्रीय विद्यार्थी म्हणजे युनायटेड किंग्डमबाहेरील देशांतून उच्च शिक्षणासाठी लंडन शहरात येऊन राहणारे विद्यार्थी. एकोणिसाव्या शतकापासून हे शहर जगभरातील विद्यार्थ्यांचे केंद्र आहे. भारतासह आशिया व आफ्रिकेतील अनेक राष्ट्रीय चळवळींच्या नेत्यांचे शिक्षण येथे झाले. २०२२-२३ या शैक्षणिक वर्षात युनायटेड किंग्डममध्ये सुमारे ७.५ लाख परदेशी विद्यार्थी शिकत होते. त्यांपैकी मोठा वाटा लंडनमधील संस्थांचा होता. याच काळात भारतीय विद्यार्थ्यांची संख्या चिनी विद्यार्थ्यांपेक्षा अधिक झाली.

शहराचे स्वरूप
२०२१च्या जनगणनेनुसार लंडनची लोकसंख्या सुमारे ८८ लाख असून त्यांपैकी जवळपास ४१ टक्के रहिवाशांचा जन्म युनायटेड किंग्डमबाहेर झालेला आहे. शहरात तीनशेहून अधिक भाषा बोलल्या जातात. साउथॉल येथे पंजाबी, वेम्बली व हॅरो येथे गुजराती, ईस्ट हॅम येथे तमिळ, व्हाइटचॅपल येथे बांगलादेशी, ब्रिक्सटन येथे कॅरिबियन, तर न्यू माल्डन येथे कोरियन समाजाची मोठी वस्ती आहे. त्यामुळे बहुतेक देशांतून आलेल्या विद्यार्थ्याला आपल्या भाषेचे लोक, ओळखीचे अन्नपदार्थ आणि प्रार्थनास्थळ शहरातच सापडते. मात्र या वस्त्या प्रामुख्याने शहराच्या बाह्य भागांत असून अनेक प्रमुख शिक्षणसंस्था मध्यवर्ती लंडनमध्ये आहेत. राहण्याचे ठिकाण निवडताना भाडे आणि प्रवास यांचा मेळ घालावा लागतो.

इतिहास
युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन या संस्थेची स्थापना १८२६ साली झाली. त्या काळी ऑक्सफर्ड व केंब्रिज येथे धर्मविषयक अटी होत्या. या संस्थेने धर्माची अट न ठेवता प्रवेश दिला. परदेशी विद्यार्थ्यांना त्याचा लाभ झाला. १८६३ साली जपानच्या चोशू प्रांतातून गुप्तपणे निघालेले पाच तरुण येथे शिकण्यासाठी आले. त्यांपैकी इतो हिरोबुमी हे पुढे जपानचे पहिले पंतप्रधान झाले. जपानी कादंबरीकार नात्सुमे सोसेकी हे १९०० ते १९०२ या काळात सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनमध्ये होते. अपुरा पैसा, वारंवार बदललेल्या खोल्या आणि एकाकीपणा यांमुळे त्यांचा हा काळ अत्यंत कष्टाचा गेला.

भारतीय विद्यार्थी प्रामुख्याने वकिलीच्या शिक्षणासाठी आणि भारतीय सनदी सेवेच्या परीक्षेसाठी येत असत. मोहनदास करमचंद गांधी १८८८ साली लंडनला आले व १८९१ साली इनर टेंपल येथून बॅरिस्टर झाले. शाकाहारी अन्नाच्या शोधातून त्यांचा तेथील शाकाहारी चळवळीशी संबंध आला. श्यामजी कृष्ण वर्मा यांनी १९०५ साली हायगेट भागात भारतीय विद्यार्थ्यांसाठी ‘इंडिया हाउस’ हे वसतिगृह सुरू केले. विनायक दामोदर सावरकर १९०६ साली शिष्यवृत्ती मिळवून लंडनला आले आणि हे वसतिगृह क्रांतिकारकांचे केंद्र बनले. १९०९ साली युनिव्हर्सिटी कॉलेजचे विद्यार्थी मदनलाल धिंग्रा यांनी कर्झन वायली यांची हत्या केली. त्यानंतर भारतीय विद्यार्थ्यांवरील सरकारी पाळत वाढली.

भीमराव रामजी आंबेडकर यांनी १९१६ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स व ग्रेज इन येथे प्रवेश घेतला. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून साठवलेली रक्कम, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या आधारे ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. १९२१ साली त्यांनी एम.एस्सी. आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी डी.एस्सी. ही पदवी मिळवली.

दोन महायुद्धांच्या दरम्यान आफ्रिकेतील विद्यार्थ्यांची संख्या वाढली. १९२५ साली लंडनमध्ये पश्चिम आफ्रिकी विद्यार्थी संघाची स्थापना झाली. केन्याचे जोमो केन्याटा यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये मानववंशशास्त्राचे शिक्षण घेतले.

वंशभेद व निवासाचा प्रश्न
विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आशियाई व आफ्रिकी विद्यार्थ्यांना खोली नाकारण्याचे प्रकार सर्रास घडत. खोली रिकामी असूनही वर्ण पाहून नकार दिला जाई आणि त्याविरुद्ध दाद मागण्यास कायद्याचा आधार नव्हता. यातूनच खास विद्यार्थ्यांसाठीची वसतिगृहे उभी राहिली. भारतीय वायएमसीए (१९२०), आजचे गुडइनफ कॉलेज (१९३०) आणि इंटरनॅशनल स्टुडंट्स हाउस (१९६५) ही त्यांपैकी प्रमुख होत. १९६५च्या वंशसंबंध कायद्याने सार्वजनिक ठिकाणच्या भेदभावास बंदी घातली. निवास व रोजगार यांचा समावेश मात्र १९६८च्या कायद्याने झाला.

आज भेदभाव बेकायदेशीर असला तरी निवासाचा प्रश्न संपलेला नाही. अनेक घरमालक ब्रिटनमध्ये राहणारा हमीदार मागतात आणि नवागत विद्यार्थ्याकडे असा हमीदार क्वचितच असतो. घरमालकाने भाडेकरूचा देशात राहण्याचा हक्क तपासणे इंग्लंडमध्ये बंधनकारक आहे. २०१९च्या कायद्यानुसार सर्वसाधारण भाड्याच्या घरासाठी अनामत रक्कम पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा अधिक घेता येत नाही. प्रचलित भाडेकरारांत ही रक्कम ३० दिवसांच्या आत मान्यताप्राप्त संरक्षण योजनेत नोंदवावी लागते. घर न पाहता परदेशातूनच आगाऊ पैसे पाठवणाऱ्या विद्यार्थ्यांची बनावट जाहिरातींद्वारे फसवणूक होण्याचा धोका असतो. त्यामुळे पहिल्या वर्षी विद्यापीठाचे वसतिगृह निवडण्याचा सल्ला सामान्यतः दिला जातो.

प्रवेश व व्हिसा
विद्यार्थी व्हिसासाठी परवानाधारक शिक्षणसंस्थेचे प्रवेश-पुष्टिपत्र, इंग्रजीचे पुरेसे ज्ञान आणि आर्थिक क्षमतेचा पुरावा आवश्यक असतो. पहिल्या वर्षाचे उर्वरित शुल्क आणि जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा निर्वाहखर्च एवढी रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते. लंडनसाठी ही अट अधिक कडक आहे. जानेवारी २०२५मध्ये निर्वाहखर्चाचा दर लंडनसाठी दरमहा १,४८३ पौंड, तर अन्यत्र १,१३६ पौंड होता. याशिवाय व्हिसाच्या प्रत्येक वर्षासाठी ७७६ पौंड आरोग्य अधिभार भरावा लागतो (२०२४चा दर). तो भरल्यानंतर राष्ट्रीय आरोग्य सेवेचा लाभ घेता येतो.

संस्थेचा परवाना रद्द झाल्यास तिच्या विद्यार्थ्यांचा व्हिसाही धोक्यात येतो. २०१२ साली लंडन मेट्रोपॉलिटन विद्यापीठाचा परवाना काढून घेण्यात आला, तेव्हा दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचे शिक्षण अडचणीत आले. पुढील वर्षी परवाना पुन्हा देण्यात आला. २०१४ साली इंग्रजीच्या एका परीक्षेतील गैरप्रकार उघड झाल्यावर सरकारने देशभरातील हजारो विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द केले. आपण निर्दोष असल्याचे सांगणाऱ्या अनेकांनी न्यायालयीन लढा दिला आणि त्यांपैकी काहींच्या बाजूने निकाल लागले. तोवर त्यांच्या आयुष्यातील अनेक वर्षे वाया गेली होती.

शुल्क, खर्च आणि काम
१९६७ साली परदेशी विद्यार्थ्यांसाठी प्रथमच वेगळे व अधिक शुल्क लागू झाले. १९८०पासून नव्याने येणाऱ्यांकडून शिक्षणाचा पूर्ण खर्च वसूल करण्याचे धोरण स्वीकारले गेले. स्थानिक विद्यार्थ्यांच्या पदवी शुल्कावर सरकारी मर्यादा आहे. परदेशी विद्यार्थ्यांच्या शुल्कावर ती नाही. परिणामी विद्यापीठांचे अर्थकारण परदेशी शुल्कावर मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये सुमारे दोनतृतीयांश विद्यार्थी परदेशी आहेत.

पदवी किंवा त्यावरील अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना सत्र चालू असताना सामान्यतः आठवड्याला २० तास काम करता येते. स्वयंरोजगारास परवानगी नाही. त्यामुळे स्वतंत्र कंत्राटदार म्हणून घरपोच अन्नवाटप करणे हाही नियमभंग ठरतो. एवढ्या तासांच्या मिळकतीत शुल्क भागत नाही. घर किंवा शेतजमीन गहाण ठेवून काढलेल्या शैक्षणिक कर्जाचा भार ज्यांच्यावर असतो, ते विद्यार्थी जादा तास काम करण्याच्या मोहात पडतात. असे काम उघडकीस आल्यास व्हिसा रद्द होऊ शकतो. या भीतीमुळे किमान वेतनापेक्षा कमी मोबदला देणाऱ्या मालकाविरुद्ध तक्रारही केली जात नाही.

काही सवलतीही उपलब्ध आहेत. पूर्णवेळ विद्यार्थ्यांना स्थानिक परिषद कर माफ असतो. मात्र घरात एखादी व्यक्ती विद्यार्थी नसल्यास त्या घरावर कर लागू होऊ शकतो. लंडनच्या विद्यार्थी ऑयस्टर ओळखपत्रावर प्रवासाच्या मुदतपासांमध्ये ३० टक्के सूट मिळते.

शिक्षणानंतरचे वास्तव्य
शिक्षण संपल्यावर दोन वर्षे काम करण्याची पूर्वीची मुभा २०१२ साली बंद झाली. १ जुलै २०२१ रोजी ‘ग्रॅज्युएट रूट’ या नावाने ती पुन्हा सुरू झाली. तीनुसार पदवीधरांना दोन, तर पीएच.डी.धारकांना तीन वर्षे राहता येते. १ जानेवारी २०२७पासून येणाऱ्या अर्जांसाठी दोन वर्षांची मुदत १८ महिन्यांवर आणण्याचा निर्णय झाला आहे. जानेवारी २०२४पासून सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांच्या बहुतेक विद्यार्थ्यांना जोडीदार व मुलांना सोबत आणता येत नाही. संशोधन पदवीचे विद्यार्थी त्यास अपवाद आहेत. कर्जफेडीची गणिते या मुदतींवर आधारलेली असल्याने धोरणातील प्रत्येक बदलाचा परिणाम विद्यार्थ्यांच्या कुटुंबांवरही होतो.

मराठी विद्यार्थी
१९३२ साली स्थापन झालेले महाराष्ट्र मंडळ लंडन ही शहरातील जुनी मराठी संस्था असून तिची वास्तू डॉलिस हिल भागात आहे. तेथील गणेशोत्सव व इतर कार्यक्रमांतून नव्या विद्यार्थ्यांचा स्थानिक मराठी कुटुंबांशी परिचय होतो. शिष्यवृत्त्यांमध्ये ब्रिटिश सरकारची चेवनिंग, राष्ट्रकुल शिष्यवृत्ती आणि महाराष्ट्र शासनाची अनुसूचित जातींतील विद्यार्थ्यांसाठी असलेली राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती यांचा समावेश होतो. आंबेडकर ज्या घरात राहत असत, ते कॅमडेन भागातील १०, किंग हेन्रीज रोड हे घर २०१५ साली महाराष्ट्र शासनाने विकत घेतले. तेथे आता त्यांचे स्मारक व संग्रहालय आहे.